मांगूर, शिवडा आणि जीवदयेचा प्रश्न

मांगूर श्वासासाठी केवळ पाण्यावर अवलंबून नसतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर, झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला एक रक्ताळ अवयव असतो आणि त्याच्या बळावर तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून मृगाचा किंवा आर्द्राचा मोठा पाऊस पडून नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज या भातपट्ट्यातल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, भरून वाहू लागल्या की तो बोडीतून (लहान तळ्यातून), नाल्यातून बाहेर पडतो. छातीच्या काट्यांवर जोर देत, अंग वळवत ओल्या गवतातून सरकतो आणि उथळ पाण्यात खळगा करतो. तिथे मादी काही हजार चिकट अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. रोहूची मादी पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडते आणि पुढचे नदीवर टाकते. मांगराची रीत उलटी आहे. अंडी थोडी, पण प्रत्येकावर पहारा.

हा मासा चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारात आजही ताकदीचा मासा म्हणून मागितला जातो. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला त्याचा रस्सा देण्याची रीत आहे. तोच आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्यातून एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. माणूस माशाचे काही देणे लागतो का? लागत असेल, तर ते गळाला लागलेल्या त्या एका माशाचे, की त्याच्या सबंध जातीचे? भारतातल्या धर्मपरंपरांनी दयेचा विचार केला तो जिवाला धरून. संवर्धनाचे शास्त्र विचार करते ते जातीला धरून. ही दोन मापे एकच असल्यासारखी बोलली जातात, पण प्रत्यक्षात ती पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात.

मांगूर ज्या गणातला आहे त्याला मराठीत मार्जारमीन म्हणतात. तोंडाभोवतीच्या मिशांवरून हे नाव पडले. या गणात चार हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त दक्षिण व मध्य अमेरिकेच्या नद्यांत आहेत. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांत त्यांतले मोजकेच, पण ओळखीचे मासे आहेत: मांगूर, विषारी काट्याची शिंगी, अंगापेक्षा जबडाच मोठा वाटावा असा शिवडा, घोगरा, शिंगटी. या माशांच्या शास्त्रीय नावांत मराठी शब्द अजून ऐकू येतात, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मुंबई इलाख्याच्या सैन्यातले विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन मांडले, तेव्हा गोग्रा, कुतरणी, शिंगटी, टाकरी, गुंगवारी ही नावे त्यांनी लॅटिन नावांतच बसवली. काठावरच्या लोकांनी दिलेले नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रात कायमचे नोंदले गेले. त्याच वेळी त्यांनी वर्णन केलेला सिलोनिया चिल्ड्रेनी हा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतला मासा आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

मार्जारमीनांना खवले नसतात. कातडीभर, मिशांवर, अगदी शेपटीपर्यंत चव ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे गढूळ पाण्यात हा मासा सगळ्या अंगाने चव घेत हिंडतो. एखाद्याच्या कातडीला जखम झाली तर तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचे भाईबंद ते ओळखून पळतात किंवा तळाशी निश्चल होतात. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये एका छोट्या गोड्या पाण्यातल्या माशावर दाखवले आणि पुढे ते मार्जारमीनांसह त्याच्या दूरच्या नातेवाइकांतही आढळले. मग माशाला दुःख होते का? २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात इजा जाणणारे मज्जातंतू दाखवले. ओठाला आम्ल टोचलेले मासे खाणे टाळत आणि ओठ तळाच्या खड्यांवर घासत, असेही त्यांना दिसले. ब्रायन की यांच्यासारख्या अभ्यासकांनी उलट बाजू मांडली. दुःखाच्या अनुभवासाठी मेंदूचे जे बाह्यक लागते ते माशाला नाही, म्हणून हा केवळ प्रतिसाद आहे, अनुभव नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

या वादाला भद्रावतीत एक वेगळी पार्श्वभूमी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या एकाच गावात पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे, विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि भद्रनागाचे देऊळही आहे. जैन तत्त्वज्ञानाने जिवांची प्रतवारी मेंदूवरून केली नाही, इंद्रियांवरून केली. कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि माशाला माणसाइतकीच पाच. मासा पंचेंद्रिय जलचर ठरला की त्याला दुःख होते का हा प्रश्न उरत नाही. जीव असणे म्हणजेच सुखदुःख भोगणे. या विचाराची धार इतकी आहे की प्रयोगशाळेतला पुरावा येण्याआधीच त्याने मासेमारी निषिद्ध ठरवली. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. प्रत्येक जीव स्वतंत्र आणि समान मोलाचा मानला, तर शेवटच्या शंभर मांगरांतला एक आणि बाजारात टनांनी येणाऱ्या कटल्यातला एक यांच्यात फरक कसा करायचा, याचे उत्तर त्या चौकटीत मिळत नाही.

वैदिक आणि पौराणिक परंपरेचे माशाशी नाते यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मासे खाण्याची निंदा करून लगेच दोन मासे देवकार्याला आणि पितृकार्याला चालतात असे सांगितले आहे, रोहित आणि पाठीन. रोहित म्हणजे रोहू, आणि पाठीन म्हणजे शिवडा, अशी ओळख अभ्यासक पटवतात. रात्री शिकार करणारा, मीटरभर किंवा त्याहून लांब वाढणारा, दुसऱ्या माशांवर जगणारा हा मासा पितरांच्या पानावर मान्य झाला. म्हणजे या परंपरेत माशाच्या स्वभावावरून त्याची पवित्रता ठरली नाही. उलट राज्यशास्त्राने नेमका तोच स्वभाव दोषाचे उदाहरण म्हणून घेतला. मोठा मासा लहानाला गिळतो, त्याला मत्स्यन्याय म्हणतात. दंड धरणारा राजा नसला तर माणसांतही हेच होईल, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात मांडले. शिवड्याचा जबडा असा भारतीय राज्यविचारात जाऊन बसला.

त्या तुलनेची सावली आजच्या मत्स्यव्यवसायावरही पडलेली आहे. तलावात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याआधी तलावातले आधीचे मासे मारून टाकावेत, असे या शेतीचे प्रमाणित तंत्र सांगते. त्यांत दोन वर्ग मोडतात: भक्षक आणि निरुपयोगी. शिवडा, मांगूर, शिंगी पहिल्या वर्गात येतात. त्यांना मारण्यासाठी वापरली जाते ती मोहाची पेंड, हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो. पेंडीतल्या सॅपोनिनमुळे माशांच्या रक्तपेशी फुटतात. ज्या मोहाखाली गोंडांचे देव बसतात, ज्याच्या फुलांवर आणि तेलावर दोन्ही जिल्ह्यांतली घरे चालतात, त्याच झाडाची पेंड इथल्या मूळ माशांना मारण्यासाठी पाण्यात पडते. भक्षक हा शब्द शास्त्राच्या पुस्तकात निर्विकार दिसतो, पण त्यात निवाडा आधीच झालेला असतो. मत्स्यन्याय हे माणसांच्या अराजकाचे वर्णन म्हणून चोख आहे. तळ्याचा न्याय म्हणून ते चुकीचे आहे. तळ्यात शिवडा हा राजाविना माजलेला बलवान नसतो. लहान मासे, बेडूक, कोळंबी आणि दुबळे, रोगट जीव यांच्यावर जगत तो पाण्याच्या घडीचा एक भाग असतो.

मत्स्यन्यायाची सर्वांत जुनी गोष्ट मात्र माशाच्याच तोंडी आहे आणि ती निराळे सांगते. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि आपल्याला मोठ्या माशांपासून वाचव अशी विनवणी करतो. मनू त्याला घटात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात सोडतो. महाभारताच्या वनपर्वात हीच गोष्ट विस्ताराने येते आणि तिथे ती युधिष्ठिराला सांगणारे ऋषी आहेत मार्कंडेय. त्यांच्या नावाचे मार्कंडा हे तीर्थ गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी आहे. नदी तिथे उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. त्या कथेत प्रलय आणि नौका यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. त्याआधीची घडामोड दुर्लक्षित राहते. मनूने माशाला एकदाच वाचवले नाही. मासा वाढला तसे त्याचे पाणी बदलावे लागले, घट अपुरा पडला, महाभारतात तर विहीर आणि नदीही अपुरी पडली. जीव राखायचा तर त्याला पुरेल असे पाणी राखावे लागते, हा या कथेचा सर्वांत व्यावहारिक भाग आहे. जीव आणि जात या दोन मापांतली दरी जर कुठे बुजत असेल तर ती इथे, पाण्यात.

जातवार दयेचा एक फार जुना लेखी नमुना अशोकाचा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, हंस, वटवाघळे, कासवे यांच्याबरोबर काही माशांचीही नावे आहेत. शिवाय चातुर्मासीच्या पौर्णिमांच्या आसपास आणि उपोसथाच्या, म्हणजे उपवासाच्या, दिवशी मासे मारू किंवा विकू नयेत, असेही सांगितले आहे. म्हणजे एकाच आज्ञेत जातीचे रक्षण आणि काळाचे रक्षण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक इथे एका शिळेवर ब्राह्मी लिपीतला जुना लेख आहे. वा. वि. मिराशी यांनी तो अशोककालीन मानला आणि त्यात प्राणी पकडण्याला व मारण्याला बंदी असल्याचे वाचले. त्याच शिळेवर पुढे वाकाटकांचा लेख आला. वैनगंगेच्या खोऱ्यात प्राणिरक्षणाची राजाज्ञा दोन हजार वर्षांहून जुनी आहे, ही गोष्ट जिल्ह्याच्या शाळांत शिकवली जायला हवी.

काळाच्या रक्षणाची एक घरगुती आवृत्ती महाराष्ट्रात आजही पाळली जाते. आषाढ संपला की पुष्कळ घरांत मासे बंद होतात, आणि पावसाळ्यात मासे अंड्यांवर असतात म्हणून पूर्वजांनी हा नियम केला, असे नेहमी सांगितले जाते. मांगराच्या बाबतीत हे पूर्ण लागू पडत नाही. चढणीचे मासे बांध्यांत शिरतात ते मृग-आर्द्रात, श्रावणाच्या आधी. ओल्या बांधावर, मोरीच्या तोंडाशी, अंड्यांनी भरलेली मादी सर्वांत सहज हाती लागते ती तेव्हाच. व्रत सुरू होईपर्यंत तिची अंडी बाजारात पोचलेली असतात. व्रताचा हेतू चांगला असून भागत नाही, त्याला माशाचे पंचांग माहीत असावे लागते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी अहिंसेची जी मांडणी केली ती या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडते. अहिंसा हा त्यांच्या मते आंधळा नियम नाही, विवेकाने वापरायचे तत्त्व आहे. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत त्यांनी भेद केला. पोटासाठी जाळे टाकणारा ढिवर या भेदाने पापातून सुटतो, आणि ते न्याय्यच आहे. ज्या समाजाचे जगणे मासेमारीवर आहे त्याला हिंसक म्हणून हिणवण्याची जी खोड वरच्या वर्गाला होती तिला इथे उत्तर मिळते. पण गरज या शब्दालाही माप लागते. आजच्या कुटुंबाची गरज भागवताना पुढच्या पिढीचा मासाच संपला, तर ती गरज कुणाची मोजायची?

हा पेच सर्वांत उघडा पडतो तो परक्या माशापाशी. ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात तो मुळात आफ्रिकेचा आहे. तो मीटरभर वाढतो, काहीही खातो, अत्यंत घाण पाण्यात जगतो आणि बाहेर पडला की इथल्या माशांना खातो. २००० साली देशात त्याच्या पालनावर बंदी आली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती पुन्हा बजावली आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याचे साठे उपसून पुरण्यात आले. या माशाने कोणता अपराध केला? बौद्ध कर्मसिद्धान्तात दोषाला हेतू लागतो, आणि या माशाला हेतू नव्हता. त्याला इथे आणणाऱ्यांना होता. तरीही त्याला मारण्यावाचून गत्यंतर नाही, कारण दोन्ही मासे एकाच पाण्यात राहू शकत नाहीत. इथे प्रामाणिक भूमिका एकच उरते. हे मारणे आवश्यक आहे आणि ती हिंसाच आहे, दोन्ही एकदम मान्य करायचे. तिला सफाई म्हटले की माणसाचा अपराध माशाच्या नावावर चढतो.

दयेनेच घडणारी हानी आणखी वेगळी. काचेच्या टाकीतली शेवाळ खाण्यासाठी आणला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा आहे. अंगावर हाडांची चिलखते असलेला हा मार्जारमीन टाकीत मावेनासा झाला की त्याला मारवत नाही, म्हणून लोक तो जवळच्या तळ्यात सोडतात. आता महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या जलाशयांत तो पसरला आहे, काठात बिळे करून अंडी घालतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. सोडणाऱ्याने एक जीव वाचवला. तळ्यातल्या शेकडो जिवांचे काय झाले, ते त्याला दिसले नाही. मनूने मासा समुद्रात सोडला तेव्हा तो समुद्र त्या माशाचा होता.

वाचवण्याच्या कामातही मारणे सुटत नाही. मांगराचे बीज प्रयोगशाळेत तयार करताना मादीची अंडी पोट दाबून काढता येतात, पण नराचे वीर्य तसे मिळत नाही. त्याचे वृषण काढावे लागतात आणि त्यासाठी नर मारला जातो. जो नर बांधीत अंड्यांवर पहारा देतो तोच संवर्धनाच्या हौदावर पहिला बळी ठरतो. म्हणून बीजनिर्मिती हा या माशाच्या रक्षणाचा मुख्य मार्ग मानणे घाईचे आहे. शेतातली बांधी हीच त्याची खरी बीजशाळा, आणि तिथे एकाही नराचा जीव घ्यावा लागत नाही.

ताडोबात वाघ नगाने मोजतात, एकेका वाघाला नाव असते. मासा किलोने मोजतात. एका जिवावर जडणारी माया माशापर्यंत पोचत नाही याचे हे साधे कारण आहे. गोंडी परंपरेने यावर वेगळी तोड काढली होती. चार, पाच, सहा, सात देवांच्या सगांत, म्हणजे कुळसमूहांत, विभागलेल्या कुळांना आपापले प्राणी, पक्षी, झाडे नेमून दिलेली असतात आणि कुळाने ती मारू नयेत असा दंडक असतो. इथे दया सर्वांवर सारखी वाटलेली नाही, ती वाटून दिलेली आहे. कुणीतरी एक कुळ एका जातीला जबाबदार असते. जातीचे रक्षण ही कल्पना या अरण्यात परकी नाही, हे त्यावरून दिसते.

त्याच परंपरेत डोहात झाडांची साल, फळे कुटून टाकून मासे गुंगवण्याची रीतही होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाच्या अभ्यासगटाने या रीतीचा विचार केला, आणि कठाणी नदीत विष टाकून मासे मारणे गावाने थांबवले. कुणी धर्माज्ञा काढली नाही. विषाने हवा तो मासाही मरतो आणि नको तोही, मोठाही मरतो आणि पिल्लेही, हे लोकांनी आपल्या डोहात पाहिलेले होते. गावाने मासेमारी सोडली नाही, फक्त न निवडता मारणे सोडले. गरज आणि इच्छा यांतला भेद असा एका ग्रामसभेत ठरावात उतरला.

मोठ्या नदीचे प्रश्न ग्रामसभेच्या हाताबाहेरचे आहेत. ॲमेझॉनमधला दोरादो नावाचा मार्जारमीन अँडीजच्या पायथ्यापासून नदीच्या मुखापर्यंत जाऊन परत येतो. सुमारे ११,६०० किलोमीटरचा हा फेरा गोड्या पाण्यातल्या माशांत सर्वांत लांब मानला जातो. मदेरा नदीवरच्या धरणांनी तो तोडला. २०२४ मध्ये समरकंद इथल्या परिषदेत स्थलांतरित प्राण्यांच्या करारात या माशाचा समावेश झाला, कारण त्याचे घर एका देशात मावत नाही. वैनगंगाही एका जिल्ह्यात मावत नाही. वर गोसेखुर्द, खाली प्राणहिता गोदावरीला मिळाल्यावर २०१९ पासून मेडीगड्डाचा बंधारा, मधे ठिकठिकाणचे रेतीघाट. घोगऱ्यासारखा तळाचा मासा आणि शिवड्यासारखा डोहातला मासा यांना वाहते पाणी, रेतीचा तळ आणि उन्हाळ्यात न आटणारे डोह लागतात, आणि हे तिन्ही धरणाच्या आणि रेतीच्या हिशोबात कुठेच मांडलेले नसते.

मांगराची गरज त्यामानाने लहान आहे. त्याला बोडी आणि बांधी जोडलेली हवी, मोरीला जाळी नको, भातावर कीटकनाशक कमी हवे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात ढिवर महिलांनी मालगुजारी तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना जागा करून दिली. हे काम चंद्रपूर-गडचिरोलीत कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांतही होण्याजोगे आहे. तिथे एक नवी अडचण मात्र उभी आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की मांगूर तळाच्या ओल्या चिखलात शिरून पावसाची वाट पाहतो, आणि त्याच दिवसांत तलावाचा गाळ यंत्राने उपसून शेतात नेला जातो. गाळ काढल्याने तलावात पाणी वाढते, शेताला कस मिळतो, दोन्ही गावाला हवे असते. गाळ काढताना तळाचा एक खोलगट, ओला कोपरा न खणता ठेवायचा का, कोणता ठेवायचा आणि त्या कोपऱ्यात त्या वर्षी हात घालायचा नाही हे कुणी पाहायचे, एवढे ठरवणे ग्रामसभेच्या हातात आहे.